सामरुआयचा डोळा

यंदा समुद्र लवकर वर चढला. ता चीन नदीत गोडं पाणीच एवढं उरलं नव्हतं की तिनं त्याला अडवून धरावं. भरती आली की खारं पाणी नदीतून कालव्यात आणि कालव्यातून मळ्यांच्या चरांत शिरायला लागलं, आणि काठावरच्या सगळ्या ऑर्किडवाल्यांची तोंडं उतरली. ऑर्किडचे नखरे काही कमी नसतात. चुकीच्या पाण्याचे चार फवारे बसले की मुळांची टोकं काळी पडतात, मग पानं गळतात, मग कळ्या. आणि कळ्या गेल्या की वर्ष हातचं गेलं.

म्हणून रोज सकाळी पंप सुरू करायच्या आधी माणसं चामनानच्या धक्क्यावर जमायची. म्हातारा चामनान पाणी चाखायचा. तो 'सोडा' म्हणाला की दोन्ही काठांवरचे पंप धडधडायला लागायचे, 'थांबा' म्हणाला की सगळं गप्प. सरकारी ऑफिसनं खारेपणा मोजायचं एक यंत्र दिलं होतं, पण ते सांगुआनच्या हातून कालव्यात पडलं. पाणी मोजायचं यंत्र पाण्यात बुडून मेलं म्हणून बिचाऱ्या सांगुआनला तेव्हापासून कुणी सुखानं दोन घास खाऊ दिले नव्हते.

"चला पी, लावा जीभ," सांगुआन पायरीवर बैठक मारत म्हणाला. चामनानला तो थोरल्या भावाच्या मानानं पी म्हणायचा. "ऊन वर आलं की."

"एवढी घाई होती तर यंत्राला पोहायला शिकवायचं होतंस."

सगळे हसले. म्हातारा खाली वाकला, गुडघे कटकन वाजले. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकला. रोज एवढ्यावरच निकाल लागायचा. आज त्यानं पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा घोळवलं, आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिला.

त्याची सून राम्पई शेजारीच भाताचं पातेलं विसळत होती. तिनं सहज ओलं बोट जिभेला लावलं.

"पॉ," ती म्हणाली. पॉ म्हणजे बाबा. सासऱ्याला ती नवऱ्यासारखीच हाक मारायची. "कालच्यापेक्षा मचूळ लागतंय का हो?"

म्हातारा जोरात थुंकला. "मग! मी तेच म्हणणार होतो. मध्येच तोंड घालायची तुझी सवय काही जात नाही. थांबा रे, आज पंप बंद!"

माणसं कुरकुरत उठली. राम्पई पातेलं घेऊन वर आली, पण मनात काहीतरी खुटखुटत राहिलं. न्याहारीला तळलेला खारा बांगडा होता. म्हाताऱ्यानं त्यावर नामप्लाची बाटली उपडी केली. खारवलेला मासा, आणि त्यावर पुन्हा माशाचाच खार! "रक्तदाब वाढेल हो," ती म्हणाली. "तुझ्या हाताला हल्ली चवच राहिली नाही," म्हातारा म्हणाला. तिला राग आला आणि त्या रागात ती खुटखुट राहून गेली.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक कुंडी टांगलेली होती. मळ्यात लाकडी पट्ट्यांच्या मांडवांवर, नारळाच्या सोडणांत, हजारो ऑर्किड होती. ती बाजाराची. दाराशी टांगलेली ही एकटी घरची. ही चामनाननं स्वतः संकर करून काढलेली जात. पपनसाची फोड सोलल्यावर आत जो फिकट गुलाबी रंग दिसतो ना, तसलं फूल. नितळ, कुठं रेघ नाही की ठिपका नाही, आणि मधली पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती सरळ. पहिलं फूल आलं तेव्हा चामनाननं मोठ्या थाटात त्याला बायकोचं नाव दिलं, सामरुआय. त्याला वाटलं बायको खूश होईल. बायकोनं पळी उगारली.

"माझं नाव लावून मला बाजारात जुडीनं विकणार? गावोगावच्या हॉटेलात मला फुलदाणीत खोचणार? खबरदार एक फांदी घराबाहेर गेली तर!"

म्हणून ती गेली नाही. एवढं सुंदर फूल, व्यापारी दारात येऊन हात जोडून गेले, पण चामनाननं दिलं नाही. मग सामरुआय आजारी पडली. शेवटच्या महिन्यांत राम्पईच तिचं सगळं करायची. रोज कोमट पाण्यानं तोंड पुसायचं, थंड पावडर लावायची. म्हातारीला स्वतःच्या कातडीचा भारी गर्व. "बघून घे नीट," ती म्हणायची, "या तोंडावर कुठं डाग दिसतो का. जाळायच्या आधी एकदा बघून घे आणि सगळ्यांना सांग." नव्हताच डाग. तिला चितेवर ठेवलं तेव्हाही तो चेहरा तसाच निर्मळ होता, आणि राम्पई तेव्हा हमसून हमसून रडली होती. सासूसाठी असं रडणारी सून कालव्यावर फार नव्हती.

आता म्हातारा रोज त्या कुंडीला पाणी घालायचा. कालव्याचं नाही, दाराशेजारच्या रांजणातलं. पावसाळ्यात छपरावरून उतरलेलं ते पाणी. त्या रांजणाला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

आणि तरीही कुंडी वाळायला लागली.

आधी एक पान पिवळं पडलं. मग कांड्यांवरची पानं एकामागून एक गळाली. मुळांची हिरवी टोकं तपकिरी झाली. बुडाशी एक नवा फुटवा आला होता, वीतभर उंचीचा, तेवढाच टवटवीत उरला. म्हातारा दिवसातून दहा वेळा कुंडीपाशी जायचा, पाणी घालायचा, आणि तोंडातल्या तोंडात तिला रागवायचा.

"रुसलीस काय? सांग तरी काय झालं ते."

राम्पई मालिवानच्या बाटलीघरात कामाला जायची. गावात त्या जागेला सगळे बाटलीघरच म्हणायचे. तिथं ऑर्किडचा डोळा काढून दारूच्या रिकाम्या बाटलीत वाढवायचे. उसाच्या कांडीवर असतो तसाच डोळा, पण इवलासा. त्या एका डोळ्याची शेकडो रोपं व्हायची. लग्न होऊन आली तेव्हापासून राम्पई तेच काम करत होती. ब्लीचच्या पाण्यानं हाताची सालं निघायची, आणि म्हातारा रोज म्हणायचा, "हिच्या हातचं जेवण म्हणजे दवाखान्यात जेवल्यासारखं."

एका सकाळी मिरच्या कुटून तिचा हात पेटला होता. जवळ पाणी नव्हतं म्हणून तिनं चोरून रांजणातलं एक तांब्याभर घेतलं. हात धुतला, उरलेल्या पाण्यानं चूळ भरली, आणि ती तिथंच उभी राहिली. पाणी खारट होतं. नुसतं मचूळ नाही, चक्क खारट.

नवरा प्रासित मांडवाखाली फवाऱ्याची नळी दुरुस्त करत होता.

"रांजणात पाणी कुणी घातलं?"

"मी," प्रासित कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "तळाला गेलं होतं गं. पॉ पार आत डोकं घालून काढायचा. एखाद दिवस आत पडला असता. मी छोटा पंप लावून भरून टाकला. त्याला सांगितलंसुद्धा नाही."

"कालव्याचं पाणी? या दिवसांत?"

"तेव्हा बरं होतं असेल."

"चाखलंस?"

"मी कशाला चाखू? अख्खा कालवा ज्याच्या जिभेवर चालतो तो माणूस घरात बसलाय. म्हटलं खारं असलं तर पहिल्या घोटाला कळेल त्याला, शिव्या देईल आणि ओतून टाकील. रोज त्यातलंच तर पितो तो." बोलता बोलता प्रासितचा आवाज खाली आला. "रोज पितो."

बांगड्यावरची नामप्ला, धक्क्यावरची दुसरी ओंजळ, सगळं राम्पईच्या डोळ्यांपुढं आलं. म्हाताऱ्याची जीभ गेली होती. आणि त्याला ते ठाऊक होतं. कुणाला कळू नये म्हणून तो रोज सकाळी सगळ्या गावादेखत खाली वाकत होता.

"मी सांगतो त्याला," प्रासित उठला. "चूक माझी आहे."

"बस खाली," राम्पई म्हणाली. "तू तुझी चूक सांगायला जाशील आणि ऐकताना त्याला काय ऐकू येईल? की सामरुआयला त्यानं स्वतःच्या हातानं मीठ पाजलं. रोज. आणि त्याला कळलं नाही."

प्रासित खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मुळात रडका, पण त्या दिवशी राम्पईनं त्याला चिडवलं नाही. म्हातारा देवळात गेला तेव्हा दोघांनी रांजण उपसला आणि विकतच्या पिण्याच्या पाण्याचे कॅन आणून भरला.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "पॉ, तुमच्या कुंडीला ऊन लागलंय. दाराशी भिंत तापते. झाड भाजलंय."

म्हाताऱ्यानं घास तसाच हातात धरला. "ऊन," तो म्हणाला.

"ऊनच."

"असेल." त्यानं घास खाल्ला, उठला आणि कुंडी आतल्या सावलीला नेऊन टांगली.

दुसऱ्या दिवसापासून राम्पई धक्क्यावर माणसं जमायच्या आधीच पातेलं घेऊन उतरायला लागली. पाणी गोडं असलं तर धुतलेलं पातेलं ती पायरीवर उताणं ठेवायची, खारं असलं तर पालथं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. म्हाताऱ्यालाही नाही. पण दोन-तीन दिवसांत म्हातारा पुन्हा एकाच ओंजळीत निकाल द्यायला लागला, आणि सांगुआन म्हणाला, "मध्ये जरा गंजली होती, आता पुन्हा धार आली पीच्या जिभेला."

कुंडीला मात्र धार आली नाही. मुळं गेलीच होती. राम्पईनं एकदा धीर करून विषय काढला.

"पॉ, अजून फुटवा जिवंत आहे. त्याचे डोळे काढून बाटलीत घालते. मालिवान नाही म्हणणार नाही."

"नको."

"तो फुटवाही जाईल हो आठ-पंधरा दिवसांत."

"जाऊ दे. अख्खी जाईल. सुरीनं उभी चिरून, दारूच्या बाटलीत कोंबून नाही जगवायची मला ती." म्हातारा तापला होता. "आणि बाटलीत वाढलेलं कसं निघतं ते मी बघतो की! मालिवानच्या रोपांत दर खेपेला निघतात. कुणाचा ओठ वाकडा, कुणाच्या पाकळीवर ठिपका."

"शेकड्यात एखादं निघतं."

"आणि तेच माझ्या पदरात पडलं तर? सामरुआयच्या तोंडावर डाग नव्हता. डागाळलेलं फूल दाराशी टांगून त्याला तिचं नाव घेऊन हाक मारू मी?"

बाटलीचं कुणी सांगावं? राम्पईनं विषय सोडला, पण रोज जाता-येता ती फुटवा दाबून बघायची. त्याच्या बुडाशी पिवळेपणा चढत होता.

मग सोंगक्रान आला. उन्हाळ्याच्या ऐन भरात येणारा नव्या वर्षाचा सण. गोड्या पाण्याची मारामार, तरी पोरं रस्त्यावर बादल्या घेऊन एकमेकांना भिजवत होती. घरात आधी बुद्धाच्या मूर्तीला पाणी, मग सामरुआयच्या अस्थींच्या कलशाला, आणि मग थोरल्याच्या हातावर. मोगऱ्याच्या पाकळ्या घातलेलं पाणी थोरल्या माणसाच्या जोडलेल्या ओंजळीवर ओतायचं, मागच्या वर्षीचं चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं, आणि थोरल्यानं त्याच ओल्या हातानं आशीर्वाद द्यायचा.

चामनान नवा सदरा घालून चटईवर बसला. प्रासितनं पाणी घातलं आणि तो लगेच रडला. म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर ओला हात थापटला. "एवढं पाणी डोळ्यांत आहे तर मळ्यात सोड की," तो म्हणाला.

मग राम्पई गुडघ्यांवर पुढं सरकली. तिनं पाणी ओतलं. म्हाताऱ्याची ओंजळ काठोकाठ भरली.

"पॉ, यंदा मला आशीर्वाद नको. फुटवा द्या."

म्हातारा उठायला गेला, ओंजळीतलं पाणी हिंदकळलं.

"माझे हात भरलेत," म्हातारा म्हणाला. "उठून जाता येत नाही, म्हणून आत्ता विचारतेस."

"हो."

"लबाड आहेस."

"मॅची सून आहे." सासूला ती मॅ म्हणायची, आई.

म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते अर्ध्यावर थांबलं. "आणि डागाळली तर?"

"मग रोज बोला मला."

"ते तर मी आत्ताही बोलतो."

"मग फरक काय पडणार आहे?"

पाकळ्या ओंजळीतून एकेक करून खाली गळत होत्या. म्हातारा कलशाकडे बघत होता. शेवटी त्यानं सगळी ओंजळ राम्पईच्या डोक्यावर रिकामी केली. "ने," तो म्हणाला. "पण मी बरोबर येणार."

सण संपला तशी तिघं मोटारसायकलला जोडलेल्या गाड्यातून बाटलीघराकडे निघाली. म्हाताऱ्यानं कुंडी मांडीवर घेतली होती आणि अंगात तोच नवा सदरा होता. बाटलीघराच्या आत त्याला सोडणं शक्य नव्हतं. माणसाच्या अंगावरचं काय काय आत जायचं आणि बाटल्या नासायच्या. मालिवाननं काचेबाहेर बाक टाकून दिलं. पलीकडे रिकाम्या चपट्या बाटल्यांचा ढीग पडला होता. भंगारवाल्याकडून आणलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या, लेबलं खरवडून काढलेल्या.

"काय पॉ, जुने मित्र भेटले?" मालिवाननं विचारलं. तिथं कामाला असलेल्या बाया खुदखुदल्या.

"यातल्या निम्म्या मीच रिकाम्या केल्या असतील," म्हातारा म्हणाला. "सामरुआय म्हणायची, तुमचं पिणं कुणाच्या कामाचं नाही. आता बघ म्हणावं."

राम्पईनं टोपी, मास्क, झगा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. फुटवा कुंडीतून तिनं स्वतः कापला, म्हाताऱ्यासमोरच. तो कापताना म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. मग आत जाऊन तिनं बांबूचा कोंब सोलतात तशी एकेक साल उतरवली. आत पांढरं, बोटाएवढं खोड राहिलं. ते ब्लीचच्या पाण्यात हलवलं, उकळून गार केलेल्या पाण्यात धुतलं आणि जंतू येऊ नयेत म्हणून गाळलेला वारा सोडतात त्या पेटीत घेतलं. स्पिरिटच्या दिव्यावर पातं लाल केलं. बारा महिने हेच काम करणारे तिचे हात, आज घामानं हातमोज्यांत सरकायला लागले.

बुडाचा डोळा काढला. आतून तपकिरी होता. मेलेला. त्याच्या वरचा काढला, तोही तपकिरी. मीठ तिथपर्यंत चढलं होतं. राम्पईनं मान वर केली नाही. काचेपलीकडून म्हातारा आपल्याकडेच बघतोय हे तिला कळत होतं. "मॅ," ती मास्कमध्ये पुटपुटली, "एवढ्या एकदा भांडू नका माझ्याशी." अगदी वरचा, शेंड्याजवळचा डोळा तिनं पात्याच्या टोकानं उचलला. तांदळाच्या कणीएवढा. फिकट हिरवा. जिवंत.

तिनं तो शहाळ्याच्या पाण्याच्या रसात सोडला, बाटली बंद केली आणि काचेपाशी जाऊन म्हाताऱ्याला एक बोट दाखवलं. एक मिळाला. म्हाताऱ्यानंही एक बोट वर केलं. दोघं वेड्यासारखी काचेच्या दोन बाजूंना बोटं वर करून उभी होती, आणि बाया त्यांच्याकडे बघत हसत होत्या, डोळेही पुसत होत्या.

बाटली सावकाश फिरणाऱ्या चाकावर चढली. वर कुठलं आणि खाली कुठलं हे डोळ्याला कळू द्यायचं नाही, म्हणून फिरवत ठेवायचं. मग तो कोंब न काढता नुसता फुगत जातो आणि त्याचे हिरवे दाणे दाणे होतात. म्हाताऱ्याला हे काही पटलं नाही. "तिला बोटीत बसल्यावरसुद्धा मळमळायचं," तो म्हणाला. पण रोज संध्याकाळी जेवताना त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "फिरतेय का?"

"फिरतेय."

"बोलली काही?"

"तुम्ही औषध घेतलं का विचारत होती."

पाऊस आला, समुद्र मागं हटला, पंप दिवसभर चालायला लागले. पुन्हा दाराशी आणून टांगलेली जुनी कुंडी पुरती वाळली. म्हाताऱ्यानं ती काढली नाही. डोळ्याचे दाणे झाले, दाण्यांचे तुकडे करून राम्पईनं रोपांना पोसणाऱ्या घट्ट खिरीवर पसरले. त्या खिरीत केळं कुस्करून घालतात. म्हातारा परसातलं केळं घेऊन बाटलीघरात हजर झाला. "बाजारची केळी औषधावर पिकवलेली असतात. तिला चालणार नाहीत." मालिवाननं हात जोडून केळं ठेवून घेतलं.

मग एकदा बुरशी शिरली. पांढऱ्या कापसासारखी ती एका बाटलीतून दुसरीत दिसायला लागली, आणि राम्पईला बाटल्यामागून बाटल्या उकळत्या पाण्यात टाकाव्या लागल्या. त्या दिवशी ती घरी आली आणि न जेवता पडून राहिली. म्हाताऱ्यानं स्वतः भाताची पेज केली, तिच्या उशाशी आणून ठेवली. पेज इतकी खारट होती की घशाखाली उतरेना. राम्पईनं ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"बरी झालीय?" म्हाताऱ्यानं दारातून विचारलं.

"अगदी मॅच्या हातची," ती म्हणाली.

उरलेल्या मोजक्या बाटल्या जगल्या. पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर रोपं बाहेर काढायची वेळ आली. चपट्या बाटलीचं तोंड अरुंद, रोप मुळांसकट निघत नाही, म्हणून बाटली फोडावी लागते. म्हाताऱ्यानं ते काम कुणाला करू दिलं नाही. बाटली कागदात गुंडाळायची, हातोडीचा एकच ठोका, आणि काचा बाजूला करून ओलं हिरवं पोर तळहातावर घ्यायचं. मुळांना चिकटलेली खीर त्यानं रांजणातल्या पाण्यात धुतली. धुवायच्या आधी तांब्या राम्पईपुढं धरला.

"बघ गं, पाण्यात काही पडलंय का," तो म्हणाला, दुसरीकडे बघत.

तिनं चूळ भरल्यासारखं केलं. "स्वच्छ आहे."

आणखी दोन पावसाळे गेले. रोपांना कांड्या धरल्या, कांड्यांना उंची आली. त्यातलं सगळ्यात धीट झाड म्हाताऱ्यानं दाराशी आणून टांगलं, वाळक्या कुंडीच्या शेजारी. त्या हिवाळ्यात त्याला दांडा फुटला. दांड्याला कळ्या धरल्या. म्हाताऱ्याचं जेवण कमी झालं. प्रासित विनाकारण दारातून ये-जा करायला लागला. आणि राम्पई तर पहाटे उठून दिवा धरून कळ्या बघायची. हे झाड तिच्या हातून घडलं होतं. वाकडी निघाली, डागाळली, तर दोष बाटलीचा नाही, तिचा.

समुद्र पुन्हा कालव्यात चढायला लागला होता, त्याच दिवसांतल्या एका सकाळी पहिलं फूल उमललं.

राम्पई पातेलं घेऊन बाहेर पडत होती. म्हातारा कुंडीसमोर उभा होता, हात मागं बांधून. तिनं त्याच्या खांद्यावरून बघितलं. रंग तोच. पपनसाच्या फोडीचा, तसाच फिकट, तसाच ओला. ओठ सरळ. आणि मग तिला दिसलं. डाव्या पाकळीवर, ओठाच्या जरा वर, एक काळसर ठिपका होता. बारीक. पण नितळ फुलावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

"पॉ," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं फुलाकडे आणखी वाकून बघितलं.

"तिला होता," तो म्हणाला.

"काय?"

"तीळ. डाव्या गालावर, इथं. मी हे फूल काढलं तेव्हा तेवढा राहून गेला होता. आता बरोबर झालं."

महिनोन्महिने राम्पईनं तो चेहरा पुसला होता. त्या गालाची सुरकुती न् सुरकुती तिच्या बोटांना पाठ होती. शेवटची पावडर तिनंच लावली होती.

"पॉ, मॅच्या गालावर तर—"

"पई," म्हातारा म्हणाला. तिला तो या नावानं क्वचितच हाक मारायचा. "जुनं झाड उन्हानं गेलं, असं तू म्हणालीस. मी काही बोललो?"

राम्पईनं मान हलवली.

"दाराकडची भिंत उत्तरेची. ऊन येतच नाही तिथं. बोललो मी काही?"

"नाही."

"मग."

तिनं बाहीनं डोळे पुसले. फुलाकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याची नजर अगदी हट्टी होती.

"होता," ती म्हणाली. "डाव्या गालावर. मी कितीही पावडर लावली तरी दिसायचा."

"दिसायचाच," म्हातारा म्हणाला. "झाकायला बघायची ती. मला आवडायचा."

खालून सांगुआनची हाक आली. "ओ पी! येताय का जीभ घेऊन? पंप खोळंबलेत!"

"आलो रे, यंत्रबुडव्या!" म्हातारा ओरडला. मग राम्पईला म्हणाला, "तू आधी उतर. पातेलं धुवायचं असेल ना."

ती आधी उतरली. पाण्यात बोट बुडवून तिनं जिभेला लावलं, पातेलं विसळलं आणि पायरीवर उताणं ठेवलं. म्हातारा गुडघे वाजवत खाली आला. सगळ्यांसमोर वाकला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चांगलं घोळवलं आणि थुंकला.

"सोडा!" तो म्हणाला, आणि दोन्ही काठांवरचे पंप सुरू झाले.